चारशे सतरावी गाठ

बुधवारी आमच्या लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर ठिणगी उडाली. लगेच विझवली, पण तोवर थोडा कापूस पुढे प्रेसमध्ये जाऊन त्याची गाठ बांधून झाली होती. अशी गाठ बाहेरून थंडगार दिसते. आत आठ-आठ दिवस धुमसते आणि वारं लागलं की भडकते. म्हणून तिला पटांगणात एकटीच ठेवायची आणि वर लाल चिंधी बांधायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चारशे सतराव्या गाठीला मी स्वतः चिंधी बांधली आणि दोन दिवस सुटीवर गेले.

शनिवारी सकाळी आले तर पटांगण रिकामं.

मी तिथली सुपरवायझर, मैत्रेयी. जिनिंगवाले आम्ही, गाडीवाले दुसरे, गोदामवाले तिसरे. वर्षभरापासून तिन्ही कंपन्यांचं काम एकाच प्रोग्रामवर चालतं. एकानं हिरवी खूण केली की माल पुढच्याकडे जातो. भांडणं मिटली, तसं एकमेकांना विचारणंही मिटलं. प्रोग्राममध्ये चिंधीचा रकानाच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर घरं तीन!

गाडीवाल्या सुनीलला फोन लावला.

"चिंधी? म्याच काढली ना मॅडम, गाठ गोदामात नेताना. कापसात रंगीत कपडा चालत नाही. तिन्ही कंपन्यायचा नियम हाये."

नियम होताच. तो मीच टाइप केला होता.

गोदामाच्या राखणीला माझा धाकटा भाऊ धम्मरत्न असतो. ऑफिसातल्या प्रियंकाला बंबवाल्यांना फोन करायला लावलं आणि मी त्याला लावला.

"जय भीम, ताई. चारशे सतरा? थप्पीच्या मधात असन. तिले खाली उतरवाले तिघायचीबी हिरवी खूण पायजे."

"खूण गेली चुलीत! धम्या, तू पहिले बाहेर निघ."

"काहून व? बाहेर केवढी थंडी हाये! कालपासून दारं लावून थप्पीले पाठ टेकून बसून राह्यलो. मस्त ऊब लागते."

"पळ!" मी किंचाळले.

"बरं बाई, ओरडू नको. तसाबी आता घाम येऊन राह्यला. थांब, मोठं दारच सताड उघडतो, वारं येईन जरा."

"नको, धम्या, ते दार नको!"

पलीकडं लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला.