चार मुक्काम

युरोप मी सहा वेळा पाहिला होता आणि सहाही वेळा काचेतून. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला जाता-येता फ्रँकफर्टच्या विमानतळावर पाच-सहा तास बसायचं. पायाशी बॅगा, शेजारच्या खुर्चीत पेंगणारी आमची लेक दीपा, आणि समोर धावपट्टीच्या पलीकडे काळ्याभोर झाडांची रांग. त्या झाडांच्या मागे काय असेल, असं मला दर वेळी वाटायचं. तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा व्हायची आणि आम्ही पळत सुटायचो.

त्यामुळे शहाऐंशीच्या जानेवारीत उल्हास ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "मालिनी, या जूनला इंडिया नको. फक्त युरोप करू या," तेव्हा मी लाटणं खाली ठेवलं आणि त्याला दोनदा विचारलं, बरा आहेस ना म्हणून. आम्हा फ्रीमाँटच्या मराठी मंडळींची सुट्टी म्हणजे इंडिया ट्रिप. तीन वर्षं रजा साठवायची आणि एका झटक्यात नातेवाइकांवर उधळायची. त्यात दुसरं काही बसत असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

चार दिवसांनी त्यानं प्लॅन आणला. माझा नवरा सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे प्लॅन आलेखाच्या कागदावर होता. अठरा दिवस, तेरा गावं. राइन नदी सकाळी नऊ ते साडेअकरा. ब्लॅक फॉरेस्टचं जंगल दुपारी, जेवणासकट तीन तास.

"हे युरोप आहे की तुझं शिपमेंट?" मी म्हटलं.

"यार, एवढ्या लांब जायचं तर सगळं कव्हर नको करायला?"

"मला काही कव्हर करायचं नाही. मला एका खिडकीपाशी बसून नदी बघायची आहे. दुसऱ्या दिवशी उठून तीच खिडकी, तीच नदी. इंडियात पाच आठवडे आपण बॅगासुद्धा रिकाम्या करत नाही. तिथंही तेच करायचं असेल तर तू एकटा जा."

मला राग लवकर येतो आणि तो बराच वेळ मुक्कामाला असतो. पण खरं सांगते, त्यानंतरचे सहा आठवडे फार सुखाचे गेले. डायनिंग टेबलावर जर्मनीचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर हळद, तिखट, हिंग आणि मेतकुटाच्या बरण्या. आम्ही तिघं किचनच्या ओट्याशी उभ्यानं जेवायचो. दर शनिवारी मी लायब्ररीतून नवी पुस्तकं आणायची आणि भांडून एक गाव खोडायची. कोलोन गेलं त्या दिवशी उल्हासनं भाताला नाही म्हटलं. तेराची सात झाली, तेव्हा मीही थोडी दमले.

मार्चच्या पहिल्या शनिवारी खोडरबर शोधायला त्याचा ड्रॉवर उघडला, तर निळं एअरोग्राम सापडलं. वर तारीख एकोणीस जानेवारी. 'तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार.' त्याखाली दोनच शब्द: 'या वर्षी'. पुढे कोरं.

माझ्या सासूबाई सांगलीला दोन खोल्यांत एकट्या राहतात. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. त्र्याऐंशीला निघताना आम्ही त्यांना सांगून आलो होतो, शहाऐंशीच्या जूनमध्ये नक्की. ते मी विसरले नव्हते. उल्हासनं कळवलं असेल असं धरून चालले होते, कारण ते सोयीचं होतं.

"लिहितो ना," उल्हास म्हणाला.

"कधी? राइनच्या बोटीत बसल्यावर?"

त्यानं एअरोग्राम परत ड्रॉवरमध्ये टाकलं. आणि योग असा, की त्याच दुपारी मेलबॉक्समध्ये आईंचं पत्र आलं. उल्हासनं ते टाउनहाउसच्या जिन्यात बसून मोठ्यानं वाचायला घेतलं.

'चि. उल्हास व चि. सौ. मालिनी यांस अनेक आशीर्वाद. जूनचे दिवस मोजते आहे. मागच्या वेळी दीपाचे संडासाचे फार हाल झाले, ते माझ्या मनातून गेले नाहीत. म्हणून या वेळी गवंडी लावून कमोड बसवून घेतला आहे. पांढरा स्वच्छ आहे. शेजारच्या पद्मिनीबाई रोज एकदा पाहून जातात. अजून कुणाला वापरू दिलेला नाही. दीपा आली की तिच्याच हस्ते उद्घाटन.'

आधी तो खो खो हसला. मीही हसले. मग त्यानं पत्र गुडघ्यावर ठेवलं आणि चष्मा काढला.

"मागच्या ट्रिपच्या पाच आठवड्यांत आपण सांगलीला किती राहिलो, आठवतंय?"

मला आठवत होतं. मुंबईला माझी बहीण, नागपूरला लग्न, पुण्याला माझं माहेर नऊ दिवस.

"चार रात्री," तो म्हणाला. "तीन वर्षांतून चार रात्री. आई एकाहत्तरची आहे. अजून चार ट्रिपा धरल्या तरी सोळा रात्री होतात, मालिनी. सोळा."

मला माझीच लाज वाटली. नऊ आणि चार. ते नऊ मी हक्कानं घेतले होते आणि त्याबद्दल कुणी मला कधी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"कॅन्सल करू युरोप," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, आणि तरी त्या झाडांच्या रांगेसाठी डोळ्यांत पाणी आलंच.

"कॅन्सल करून काय होणार? चारच्या फार तर सहा होतील. आणि तिथं तरी ती कुठे भेटते? सकाळपासून माणसं येतात, अमेरिकेची मंडळी आली म्हणून. ती आपली आत सगळ्यांसाठी पोहे परतत असते. मागच्या वेळी मी तिच्याशी नीट बोललो ते एस.टी. स्टँडवर."

दीपा ओट्याशी होमवर्क करत होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "व्हाय कान्ट आजी जस्ट मीट अस देअर?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "इट्स लाइक, हाफवे."

आम्ही तिला हसलो. मग उल्हास उठून नकाशापाशी गेला, आणि मीही गेले.

आईंकडे पासपोर्ट होता. अमेरिकेला यायचं म्हणून काढलेला, पण सहा महिने घर बंद ठेवायला त्या कधी तयार झाल्या नाहीत. तीन आठवडे ठेवतील? मुंबईला माझा भाऊ राजीव त्यांना विमानात बसवून देईल. मधे विमान बदलायचं नाही, थेट फ्रँकफर्ट. एकच देश, म्हणजे व्हिसाही एकच. उल्हासनं ड्रॉवरमधून तेच एअरोग्राम काढलं. 'या वर्षी'च्या पुढे त्यानं न थांबता लिहिलं, 'तू अर्ध्या वाटेवर ये. उरलेली अर्धी आम्ही येतो.'

मग सगळा प्लॅन नव्यानं केला. सातातली तीन गावं त्यानं स्वतःच्या हातानं खोडली. राइनकाठी बाखाराख, मोझेलकाठी कोखेम, नेकारकाठी हायडेलबर्ग आणि शेवटी ब्लॅक फॉरेस्टमध्ये तळ्याकाठचं टिटिसे. एकोणीस रात्री, चार मुक्काम. मी प्रत्येक ठिकाणच्या घरगुती लॉजना पत्रं टाकली: खोली तळमजल्यावर हवी, खिडकीतून पाणी किंवा झाडं दिसावीत, आणि एका वयस्क बाईंना आपला भात शिजवू द्याल का? दीपानं नकाशाची नक्कल काढून नद्या निळ्या आणि जंगल हिरवं रंगवलं. ती सांगलीला पाठवली.

उत्तराला साडेतीन आठवडे लागले. उल्हास रोज दुपारी ऑफिसातून फोन करायचा, "मेल आली?" आणि नाही म्हटलं की लगेच ठेवायचा. आई नाही म्हणाल्या तर काय, हे आम्ही बोलत नव्हतो. त्या दुखावल्या असतील, की आपला मुलगा आपल्याकडे यायचं टाळतोय, या भीतीनं त्याचं जेवण कमी झालं होतं. मलाही धीर नव्हता.

पत्र आलं तेव्हा मी ते फोडलं नाही. तो घरी येईपर्यंत हळदीच्या बरणीला टेकवून ठेवलं. त्यानं बूट न काढताच वाचायला सुरुवात केली.

'चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद. दीपाचा नकाशा पोचला, भिंतीला लावला आहे. येते. राजीवला तिकिटाचं सांग. सांगलीला कृष्णा आहे, तेव्हा नदी पाहायला मी एवढ्या लांब येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. गावं चार घे नाहीतर चाळीस घे. माझी एकच अट आहे. मागच्या वेळी मी तुझ्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता, कागद अंथरून, डांबरगोळ्या घालून. तू चारही दिवस बॅगेतूनच कपडे काढलेस. तू गेल्यावर तो कप्पा मला भरवेना. तो अजून तसाच आहे.'

त्यानं पत्र माझ्याकडे दिलं. पुढचं मी वाचलं.

'तेव्हा प्रत्येक गावी पोचलं की आधी बॅग रिकामी करायची. कपडे कपाटात लावायचे, मी लावून देईन. मग तुमची नदी. कमोडची काळजी नसावी, तो कुठे पळून जात नाही.'

उल्हास टेबलापाशी बसला. आलेखाचा कागद पुढे ओढून त्यानं पेन्सिलीला टोक काढलं. चारही मुक्कामांच्या पहिल्या दिवशी, अगदी वरच्या ओळीत, त्यानं लिहिलं: बॅग रिकामी करणे. मग सवयीनं पट्टी घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"याला किती वेळ धरू?"

"अख्खी दुपार धर," मी म्हटलं.

त्यानं चारही ठिकाणी अख्खी दुपार धरली.