आज दोन रोट्या

"वहिनी, कणीक सुनेनं काहून आपटली? तुये हात काय माहेरी गेले?"

जिजाबाई, माझी धाकटी नणंद, नरखेडहून संत्र्यांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीने आली होती. येते ती मडक्यावरची लांब रोटी खायलाच.

"दुखून राहिले वं."

"दिसायले तं ठणठणीत दिसते!"

अकरा वर्षे रिपोर्टही हेच म्हणत होते. मागच्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचे नाव सांगितले, फायब्रोमायल्जिया. मला पेढे वाटावेसे वाटले. दुखणे गेले नाही, पण खरे ठरले.

मागच्या अंगणात चुलीवर उपडे मडके तापले होते. नंदिनीने, माझ्या सुनेने, स्टूल आणून ठेवले.

"आई, आज किती?"

आज किती काम झेपेल, हे ती रोज विचारते. कधी मी कपड्यांच्या घड्या म्हणते, कधी नुसते "काही नाही."

"दोन."

"मंग बाकीच्या मी. माझ्या फाटतात, पण पोटात कोण पाहते!"

मी पाटल्या काढून पिठाच्या डब्यावर ठेवल्या. वाईट दिवशी त्यांचा स्पर्शही सोसत नाही.

"अवं, अगदी आईसारखी..." जिजाबाई म्हणाली आणि थांबली.

सासूबाईही पाटल्या काढून त्याच डब्यावर ठेवायच्या. "अंग ठणकून राहिलं," म्हणायच्या, आणि मग वीस-वीस रोट्या टाकायच्या. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, जिजा पंधराची. आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. रोट्यांची वेळ झाली की बाईंचे सोंग सुरू, असे मीच तिला शिकवले होते.

"जिजाबाई, तुझ्या आईले हेच होतं असन वं."

सोललेले संत्रे जिजाबाईच्या हातात तसेच राहिले.

मी सैल कणीक मनगटांवर घेतली. ती आपल्याच वजनाने लांबत कोपरापर्यंत आली. खांद्यात कळ उठली, तरी रोटी मडक्यावर अखंड पडली. काठापासून काठापर्यंत, पातळ, कुठे भोक नाही. हे हात सासूबाईंनीच घडवले. दुसरीही तशीच पडली. फार बरे वाटले.

"झाल्या माझ्या," मी म्हटले.

नंदिनी पुढे आली, तेवढ्यात जिजाबाईने पदर खोचला.

"सरक वं पोरी. तिसरी मले टाकू दे."

आणि कणकेला हात लावण्याआधी तिने आपल्या पाटल्या काढून पिठाच्या डब्यावर, माझ्या पाटल्यांशेजारी ठेवल्या.