हरलेल्यांनी घासायचं घंगाळ

मित्रांनो, माझं वय विचारू नका. अंगावरचे पोचे मोजा. मी तांब्याचं घंगाळ आहे. पसरट तोंड, दोन बाजूंना दोन कड्या. पुण्याच्या तांबट आळीत एका म्हाताऱ्या कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला. जन्मभर आंघोळीचं पाणी विसणायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

पण १९६७ साली वैजयंती दांडेकर लग्न होऊन लीड्सला निघाल्या आणि आईने मला साड्यांत गुंडाळून त्यांच्याबरोबर पाठवलं. त्यांचे यजमान डॉक्टर शशिधर हॉस्पिटलातून आले, मला पाहिलं आणि म्हणाले, "वैजू, हे कशाला आणलंस? इथे टब आहे." झालं! पुढची वीस वर्षं मी दारामागे छत्र्या सांभाळल्या. इंग्लंडात छत्र्या सदैव कामावर असतात, त्यामुळे मी बहुतेक रिकामंच असे.

१९८७ साली त्यांचा लीड्समध्येच वाढलेला मुलगा यशोधन कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. ब्रिटनमध्ये हा खेळ तेव्हा नवाच होता. हेल्मेटं उसनी, मैदान रग्बीवाल्यांचं, प्रेक्षक म्हणजे चार आया आणि एक कुत्रा. अकरा मैलांवरच्या कॉलेजाशी दर नोव्हेंबरात सामना खेळायचं ठरलं, पण चषक नव्हता. यशोधनची नजर दारामागे गेली.

"आई, ही घंगाळ दे ना. दोन हँडल्स आहे, कपसारखी दिसते."

"देते. पण जिंकेल त्याने न्यायचं आणि हरेल त्याने घासायचं. चिंचेने. माझ्यासमोर."

पहिल्याच वर्षी पलीकडचे हरले. त्यांचा कॅप्टन कीथ, दाराएवढा गडी, चिखलात गुडघे टेकून मला घासू लागला. वैजयंतीबाई छत्री धरून वर उभ्या. "हार्डर, कीथ! कडेला हिरवं राहिलंय, लुक!" मी लखलखलं की माझ्यात कागद घालून बटाटेवडे भरत आणि दोन्ही संघ त्यावर तुटून पडत. पुढल्या वर्षी आमचे हरले. यशोधनने आईच्या देखत मला घासलं, तेव्हा कीथ हसून हसून पडला.

अशी सात वर्षं गेली. चार आयांची तीनशे माणसं झाली. कीथ नोकरीला लागला, तरी दर नोव्हेंबरात खिशात चिंचेचं पाकीट घेऊन यायचा. मित्रांनो, तेवढीच सात वर्षं मी खऱ्या अर्थाने जगलं.

१९९४ साली यशोधन कॉलेजांच्या फुटबॉल लीगच्या कमिटीवर गेला. एका रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. शेजारशेजारच्या कॉलेजांचे गट मोडायचे. मोठ्यांचा एक गट, लहानांचा दुसरा.

"मोठे मोठ्यांशी खेळले की टीव्ही येणार, स्पॉन्सर येणार. इट्स द फ्यूचर, आई."

"आणि कीथचं कॉलेज?"

"लहानांत."

"मग नोव्हेंबरचा सामना?"

"फिक्स्चर्सच्या टाइमटेबलमध्ये बसत नाही."

"अकरा मैल बसत नाहीत आणि तीनशे मैलांवरचं प्लिमथ बसतं?"

"तुला स्ट्रक्चर कळत नाही, आई."

ठराव एका मताने मंजूर झाला. ते एक मत कुणाचं, हे घरात कुणी विचारलं नाही.

फ्यूचर वेळेवर आलं. आमची पोरं सहा तास कोचमध्ये बसून प्लिमथला जात, हरत आणि झोपून परत येत. बघायला कोचचा ड्रायव्हर. टीव्हीवाले एकदा आले, रस्ता विचारायला. कीथच्या कॉलेजाला जवळ खेळायला कुणी उरलं नाही. दोन वर्षांत त्यांनी संघच बंद केला. शेवटचा सामना आमच्या कॉलेजाने जिंकला होता, म्हणून मी आमच्याच कपाटात होतं. हरायला कुणी नाही, तर घासणार कोण? मी काळं पडलं, मग हिरवं.

१९९७ साली लीगला वारशाची आठवण झाली. मला मशीनने पॉलिश केलं, वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर दिला आणि ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलं. खाली चिठ्ठी: 'शेजाऱ्यांचा चषक. भारतीय बादली.' उद्घाटनाला वैजयंतीबाई आल्या. कीथच्या गाडीतून. त्यांनी पर्समधून चिंचेचं पाकीट काढलं.

"काच उघड."

"आई, प्लीज! लॅकर लावलंय. आता कधीच घासायला लागणार नाही."

कीथने टोपी काढली. "सो हू लॉस्ट, मिसेस डी?"

यशोधनने घड्याळ पाहिलं. त्याला मीटिंग होती. गट पुन्हा एकदा बदलायचे होते. वैजयंतीबाईंनी ते पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात घातलं आणि वर थोपटलं.

"तू हरलास, राजा. तुझी पाळी."

तो मीटिंगला गेला. चिंच खिशातच राहिली.

मित्रांनो, नकाशावर रेघा ओढायचं काम कधी तुमच्याकडे आलं, तर आधी ते अकरा मैल चालून या. आणि घरात तांब्याचं भांडं असेल, तर त्याला लॅकर लावू नका. मी आता बारा महिने चमकतं. मला हात लावायला कुणी येत नाही.