पाच वर्षांचं सुतक

शिमग्यात देवीची पालखी घरोघर निघाली की पुढच्या दांडीला खांदा महिपतआप्पांचा. आप्पा वळतील त्या अंगणात देवी जाणार, हा वाडीचा रिवाज. आणि कमळाच्या अंगणाकडे आप्पा पाच वर्षं वळले नव्हते.

कमळाचा नवरा हर्षद बोटीवर नोकरीला. नव्व्याण्णव साली ऐन शिमग्याच्या तोंडावर तो एड्सने गेला. वाडीची पाचावर धारण बसली. कमळाच्या हातचं पाणी कोण घेईना, तिच्या पोरीशेजारी शाळेत कोण बसेना. बैठकीत सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. आप्पाही घाबरले होते, पण तसं कबूल कोण करतो? ते म्हणाले, "सुतक आहे. यंदा त्या घरी पालखी नको." सुटले सगळे!

अहो, सुतक दहा दिवसांचं. हे मेलं फिटायचं नावच घेईना! दर शिमग्याला कमळा अंगण सारवायची, रांगोळी घालायची, ओटीचं ताट घेऊन पडवीत उभी राहायची. ढोल तिच्या अंगणाच्या दगडी गडग्यावरून पुढे जायचे. आप्पा मान खाली घालून चालायचे आणि त्या दिवशी त्यांना घास उतरायचा नाही.

दोन हजार चारच्या बैठकीत आप्पा उभे राहिले. "ते सुतक नव्हतं. मी भ्यालो होतो, देवीच्या नावावर खोटं बोललो. यंदा पालखी कमळाकडे जाणार. ज्याला नको त्यानं खांदा देऊ नये."

त्यांना वाटलं, आता भांडण जुंपणार. पण पालखीच्या मागच्या दांडीचा धोंडू म्हणाला, "आप्पा, आम्ही तुमच्याच शब्दाला थांबलो होतो. दुसऱ्या वर्षीच बोलला असतात तरी आलो असतो."

पाच वर्षं आप्पांना गावाची भीती, आणि गाव त्यांच्या शब्दाला अडलेलं.

ते स्वतः कमळाला सांगायला गेले. आता तीही त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. "नक्की येणार ना, आप्पा?" तिनं दोनदा विचारलं, आणि पोरीला, श्रद्धाला, शेण आणायला पिटाळलं.

पालखीला चार दिवस असताना कमळा गेली. तिरडीला पुढचा खांदा आप्पांनी दिला.

पालखीच्या दिवशी आप्पांचे पाय त्याच वाटेला वळले. श्रद्धा गडग्याशी येऊन उभी राहिली. ढोल थांबले.

"पुढे जा, आप्पा," ती म्हणाली. "यंदा खरंच सुतक आहे."