बाटलीआधी लेकरू

किन्हीराजाजवळच्या तांड्यातला पहिला मॅट्रिक म्हणजे प्रेमसिंग. सत्तावन्न साली तो वाशीमच्या एका धर्मार्थ दवाखान्यात कंपाउंडरकी शिकायला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी खलबत्ता हाती पडेल असं त्याला वाटलं होतं. हाती पडला तो चमचा.

जुने कंपाउंडर बबनराव त्याला थेट लेकरांच्या खोलीत घेऊन गेले. तिथे आठ खाटा होत्या आणि आठही खाटांवर रडारड चालली होती.

"दोन महिने इथं," बबनराव म्हणाले. "औषध मी बनवीन, पाजशीन तू. आन् प्रत्येक औषध आधी थेंबभर सोता चाखून पाह्यजो."

"मंग बनवायले कवा शिकवता?"

"ज्याच्यासाठी बनवतो, ते लेकरू वळखाले लागला की."

प्रेमसिंग मनातून खट्टू झाला. त्याची माय सुंदरबाई भेटायला आली तेव्हा तो एका पोरीचं नाक पुसत होता. "मी तं साऱ्या तांड्यात सांगतलं, पोरगं औषधं बनवून राह्यलं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली. मग तिनेच त्या पोरीला मांडीवर घेतलं.

क्विनाईनचा थेंब जिभेवर पडला त्या दिवशी त्याला दुपारची भाकरी गोड लागली नाही. पण लेकरं तोंड का फिरवतात, ते त्याला कळलं. चमचा जिभेवर न टेकवता गालाच्या आतून कसा सोडायचा, चावऱ्या पोराला बोलण्यात कसं गुंतवायचं, हे त्याचं तो शिकला. रोज सकाळी छताला टांगलेल्या काट्याला झोळी अडकवून लेकरांची वजनं व्हायची. त्याआधी बबनराव म्हणायचे, "उचल आन् सांग." सुरुवातीला त्याचा अंदाज चार-पाच रत्तलांनी, म्हणजे जवळजवळ दोन किलोंनी चुकायचा. दुसरा महिना सरताना अर्ध्या रत्तलावर आला. तोवर रुसवाही कुठच्या कुठे गेला होता. सकाळ कधी होते याची तो वाट पाहायला लागला होता.

तिसऱ्या महिन्यात बबनराव त्याला औषधं बनवायला शिकवू लागले आणि तो औषधाच्या खिडकीवर बसला. हिवतापाचे दिवस होते. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. आपापल्या घरून बाटल्या आणलेली माणसं खोळंबली होती. अनसिंग गावच्या जगदेव नावाच्या शेतकऱ्याने चिठ्ठी पुढे केली. डॉक्टर कानडे यांनी लिहिलं होतं: मुलगा, वय नऊ, थंडीताप, क्विनाईन मिक्श्चर, आणि पुढे डोसाचा आकडा.

"पोरगं कुठी हाये?" प्रेमसिंगने विचारलं.

"झाडाखाली गाडीत झोपून राह्यलं. डॉक्टरनं पाह्यलं ना त्याले."

"मले बी पाहू द्या."

"कायले? चिठ्ठीत सारं लिवलं हाये. लोक खोळंबले, भाऊ."

मागची माणसं कुरकुरायला लागली. प्रेमसिंगचे कान तापले. तरी तो उठला, खिडकी लावली आणि गाडीकडे गेला. गोधडीत गुंडाळलेलं पोर त्याने उचललं आणि तो तिथेच थबकला.

"हे नऊ वर्षांचं नाही."

"देवला? तो तं चार वर्षांचा," जगदेव म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "म्या थोरल्याचं वय सांगतलं वाटते. तापानं पोराचे डोये फिरले, तवापासून माह्यं डोस्कंच चालून नाही राह्यलं."

काट्यावर देवला अठ्ठावीस रत्तल भरला. प्रेमसिंगने उचलतानाच तेवढे धरले होते. तो चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेला. शिकाऊ माणसाने डॉक्टरला चूक दाखवायची, म्हणून दारातच त्याने ती पुन्हा एकदा वाचून पाहिली.

"साहेब, हा डोस नऊ वर्षांच्या पोराचा हाये. पोरगं चारचं हाये. अठ्ठावीस रत्तल."

कानडे डॉक्टरांनी चष्मा काढला. गर्दीत त्यांनी पोराची नाडी आणि प्लीहा पाहिली होती. वय मात्र नाव नोंदवताना बापाने सांगितलेलं, नोंदीच्या कागदावरून तसंच उतरवून घेतलं होतं. त्यांनी आकडा खोडला, नवा लिहिला आणि म्हणाले, "बबनरावांना सांगा, असाच दुसरा काटा उद्यापासून माझ्या टेबलाजवळ टांगा. आणि तुम्ही आलात ते फार बरं केलंत."

डॉक्टर आपल्याला 'तुम्ही' म्हणाले, हे प्रेमसिंगला खिडकीपाशी परत आल्यावर उमगलं. त्याने मिक्श्चर तयार केलं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. बबनरावांनी ती उजेडात धरून पाहिली. एरवी ते काहीतरी खोट काढायचेच. आज नुसतंच म्हणाले, "दे त्यायले."

पाचव्या दिवशी जगदेवची गाडी परत आली. ताप उतरला होता. देवलाला पुन्हा वजनाला घ्यायचं होतं, पण झोळी दिसताच तो खाटांखालून सुटला. बबनराव एका बाजूने, जगदेव दुसऱ्या बाजूने, प्रेमसिंग ओणवा होऊन मधून. आठही खाटांवरची लेकरं रडणं विसरून पाहायला लागली.

"राहू द्या," बबनराव धापा टाकत भिंतीला टेकले. "एवढं पयते, म्हंजे वजन वाढलंच असन."