डाव्या ओठाचा ओरखडा

"थांबा," तपासनीस म्हणाले, आणि ड्रिलचं टोक जिथे टेकलं होतं तिथे त्यांनी स्वतःची टेप आडवी लावली.

वायरिंगवाली गाडीच्या नाकाखाली उताणी पडली होती. तिने ड्रिलवरचं बोट उचललं आणि वाट पाहिली. सकाळपासून वाट पाहण्याची ही तिची चौथी खेप होती.

"बावीस सेंटिमीटर," तपासनीस म्हणाले.

"मगाशीही बावीसच होते, काका. बंपर काय वाढत्या अंगाचा आहे का?"

"डावीकडे बावीस, उजवीकडे साडेबावीस. मी दोन्ही मोजलेत."

"उजवीकडे आत स्क्रू आडवा येतो म्हणून अर्धा सरकवलाय. अर्ध्याने काही बिघडत नाही."

"काही बिघडत नाही असं जिथे म्हणतात ना, बाई, तिथेच बिघडतं."

तरी त्यांनी टेप काढून घेतली. ड्रिल घुरघुरलं, काळ्या प्लॅस्टिकचा बारीक कीस वायरिंगवालीच्या चष्म्यावर पडला, आणि तपासनीस पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसले. स्टूल त्यांनी आल्याआल्याच अशा जागी ओढून घेतलं होतं की गाडीही दिसावी आणि वायरिंगवालीचे हातही. गाडीतून निघालेले स्क्रू त्यांच्या शर्टाच्या खिशात, एका काड्यापेटीत होते. अकरा. परत लागताना अकराच लागले पाहिजेत.

एकोणतीस वर्षं त्यांनी पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात तपासनिसाचं काम केलं होतं. शेजारच्या दालनात छापयंत्रासारखे अवजड प्रेस दिवसभर पत्रा ठोकत आणि इकडे पट्ट्यावरून डबे येत. तपासनीस दोन बोटांनी डब्यावर ठक ठक करत. सांधा पक्का असला की आवाज एक, आणि कुठे केसाएवढी फट राहिली असली की वेगळा. डोळ्याला न दिसणारी फट त्यांचा कान पकडायचा. कामगार त्यांना मागे 'ठकठके' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

गाडी निवृत्तीनंतरची. दोनच सीटा, जमिनीला लगटलेली, दुसऱ्याच्या हातची पण लालभडक. बायको होती तेव्हा म्हणायची, "एवढं खाली बसायचं होतं तर चटई होतीच की घरात." पण रविवारी शेजारच्या सीटवर बसायची हौस तिलाही होती. गाडीच्या बंपरखाली काळी पट्टी होती, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. वायरिंगवाली तिला गाडीचा ओठ म्हणायची. त्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर दोन महिन्यांपूर्वी एक ओरखडा आला. मग त्याच्याखाली दुसरा. आणि मागच्या आठवड्यात तर नखाएवढा टवकाच उडाला.

"गाडी कोण कोण चालवतं?" वायरिंगवालीने खालूनच विचारलं.

"मी. आणि दर गुरुवारी मुलगी. पोहायला शिकवते ती, तलाव लांब पडतो."

"मग तिलाच विचारा की."

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'असेल, बाबा, माझ्याकडूनच झालं असेल.'" तपासनिसांनी स्टूल थोडं पुढे घेतलं. "आता मला सांगा, एवढ्या लगेच कोणी कबूल होतं का? हातातल्या कपाकडे बघत म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"म्हणजे चोर सापडला, कबूलही झाला, तरी तुमचं समाधान नाही."

"कबूल झाली म्हणूनच नाही. काहीतरी झाकतेय ती. कुणाला तरी चालवायला देत असेल. नाहीतर कुठे जात असेल, ते सांगायचं नसेल." त्यांनी खिशातली काड्यापेटी चाचपली. "बेलचंही तसंच. गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेली म्हणे. बेल वाजवली म्हणे. मी घरातच होतो, बाई. पेपर वाचत. बेल वाजलीच नाही."

टवका दिसला त्या दिवशी त्यांनी मुलीकडची किल्ली मागून घेतली होती. तिने ती जुडग्यातून सोडवून टेबलावर ठेवली. त्यानंतर ती आली ती ही अशी, न वाजलेली बेल वाजवून गेली. फोनवर मात्र रोज बोलायची. ह्या कारागिरणीचा पत्ताही फोनवरच दिला होता.

वायरिंगवाली सरपटत बाहेर आली आणि उठून बसली. तिच्या तळव्यावर बटणाएवढे दोन काळे सेन्सर होते.

"हे कसं चालतं सांगू? डोळे मिटून भिंतीवर चेंडू टाकला, तर तो किती वेळात परत येतो त्यावरून भिंत किती लांब ते कळतं की नाही? ही बटणं तेच करतात. चेंडूच्या जागी आवाज. फुटपाथची कड जवळ आली की आवाज लवकर परत येतो, आणि मग आतला भोंगा चिरक्या आवाजात वाजतो."

तपासनिसांनी एक बटण उचलून कानाशी धरलं. "मला नाही येत काही ऐकू."

"त्याचा आवाज माणसाला ऐकू येतच नाही. म्हणून तर आत वेगळा भोंगा. तो स्टिअरिंगच्या खाली लावते."

बटणावर नखाने ठक ठक करून त्यांनी ते परत दिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि मोजणी? ही बटणं विकणारा दुकानदार म्हणाला होता, कितीदा वाजलं ते भोंग्याची डबी लक्षात ठेवते."

"ठेवते. तारीख-वेळेसकट. चालू करायची?"

"करा. पण मुलीसमोर बोलू नका. पाच वाजता बोलावलंय तिला. पुढच्या गुरुवारी किल्ली परत देईन म्हणतो. मग बघू."

 वायरिंगवालीने वायर तोंडात धरली, दाताने सोलली आणि काम पुढे सुरू केलं.

मुलगी पाचला पाच मिनिटं कमी असतानाच आली. केस ओले होते. खांद्यावरची पिशवी तिने बाकावर ठेवली. तिथे पाना-पकडींच्या शेजारी एक राखाडी मांजर मुटकुळं करून झोपलं होतं. पिशवी टेकली तशी त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"झालं का हो काम?" तिने वायरिंगवालीला विचारलं, आणि मग, "जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"काका सकाळपासून स्टूल सोडायला तयार नाहीत," वायरिंगवाली म्हणाली. "आता बसा तेवढे आत. तपासून घ्या."

तपासनीस गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवली, दिवे लागले. वायरिंगवालीने एक जाड लाकडी फळी जमिनीवर उभी केली, फुटपाथच्या कडेइतक्या उंचीची, आणि पायाने ती हळूहळू गाडीच्या नाकाकडे सरकवू लागली.

"वाजतंय?"

"नाही."

फळी आणखी पुढे आली. "आता?"

"नाही म्हटलं ना."

वायरिंगवालीने मुलीकडे पाहिलं. मुलीने तिच्याकडे. ती नजरानजर तपासनिसांनी काचेतून टिपली.

"बाबा, वाजतंय की," मुलगी म्हणाली. "चांगलं जोरात वाजतंय."

त्यांना काय समजायचं ते समजलं. पत्ता हिने दिला. माणूस हिच्या ओळखीचं. न वाजणारा भोंगा लावायचा आणि दोघींनी मिळून वाजतो म्हणायचं, की झालं. मग कितीही घासा, मोजणी शून्य. बेल जशी वाजली होती, तसाच हा भोंगाही वाजत होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. कारखान्यात डबा बाजूला काढताना लागायचा तोच त्यांचा आवाज लागला. "तू तिकडे भिंतीकडे तोंड करून उभी राहा. मागे वळायचं नाही. बाई, तुम्ही बोलायचं नाही. फळी पायाने नको, हाताने उचलून ठेवा, आवाज न करता. कधी पुढे ठेवा, कधी लांब. तुमच्या मनाला येईल तसं. आणि तू, वाजलं की हात वर कर. थांबलं की खाली."

वायरिंगवाली म्हणाली, "काका, अहो..."

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "करते मी."

ती जाऊन भिंतीसमोर उभी राहिली. ओल्या केसांचं पाणी तिच्या पाठीवर झिरपलं होतं. चाळिशीची बाई, पण उभी होती वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. तपासनिसांनी तिच्या पाठीवरून नजर काढली आणि फळीवर लावली.

फळी लांब. हात खाली.

फळी लांबच. हात खालीच.

वायरिंगवालीने फळी उचलली आणि अलगद गाडीच्या नाकाशी ठेवली. भिंतीसमोर हात वर गेला.

गाडीत काही नव्हतं. तपासनीस कान देऊन बसले होते. मागे रस्त्यावरून ट्रक गेला, तो ऐकू आला. वायरिंगवालीचा गुडघा कटकन वाजला, तोही आला. फळी मागे गेली. हात खाली आला.

सावली बघत असेल, त्यांना वाटलं. पण सावल्या उलट्या बाजूला पडत होत्या. त्या दोघींत काही खूण असेल, असंही वाटलं. फळी पुन्हा पुढे. हात पुन्हा वर. खूण शोधायला त्यांनी नजर फिरवली, वायरिंगवालीच्या पायांवर, छतावर, बाकावर.

बाकावरच्या मांजराचा कान वळला होता.

मांजर झोपलेलंच होतं. डोळे मिटलेले, हनुवटी पंजावर. फक्त एक कान उभा होऊन वळला होता. फळी बाहेर गाडीच्या नाकाशी होती. पण कान तिकडे नव्हता. तो उघड्या दारातून आत, त्यांच्या गुडघ्यांच्या रोखाने होता. स्टिअरिंगच्या खाली, जिथे भोंगा होता तिथे.

फळी मागे गेली. मुलीचा हात खाली आला. मांजराचा कान सैल पडला.

तपासनीस हलले नाहीत. फळी पुढे. हात वर, कान उभा. फळी मागे. हात खाली, कान खाली. मग वायरिंगवालीने त्यांना चकवायला फळी नुसतीच उचलून पुन्हा तिथेच लांब ठेवली. हातही हलला नाही, कानही नाही.

त्या मांजराला मुलगी ठाऊक नव्हती, किल्ली ठाऊक नव्हती, मोजणीही ठाऊक नव्हती.

 मग त्यांनी दोन बोटं वाकवून डॅशबोर्डवर ठक ठक केलं. आवाज आला. भरीव, जाड. त्यांनी अंगठा आणि तर्जनी डाव्या कानाशी नेली आणि एकमेकांवर चोळली. मग उजव्या कानाशी नेली. बोटं एकमेकांवर घासताहेत हे बोटांना कळत होतं, कानांना नाही. घराजवळच्या वळणावर, दवाखान्याच्या दारात, बाजाराच्या कडेला त्यांनी स्वतः गाडी कितीदा लावली होती. दवाखान्याच्या दारात मुलगी शेजारी बसलेली होती. ती एकदम म्हणाली होती, "बाबा!" ते म्हणाले होते, "काय झालं?" ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती आणि मग म्हणाली होती, "काही नाही."

"बाबा, झालं का?" मुलगी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "हात दुखायला लागला."

"ये इकडे," तपासनीस म्हणाले.

गाडीतून बाहेर यायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मुलीने हात पुढे केला, आणि एरवी झिडकारायचे तो त्यांनी धरला.

"बाई, काम चोख आहे तुमचं," ते म्हणाले. "भोंग्याबरोबर दिवा बसवता येतो का? समोर, डोळ्यांपुढे?"

"येतो की. लाल बसवू?"

"लालच बसवा. मोठा." ते मुलीकडे वळले. "रस्त्यावर गोंगाट फार असतो."

"फार असतो," मुलगी म्हणाली.

वायरिंगवाली दिवा शोधायला खण उघडता उघडता थबकली. "आणि काका, ते दुसरं? चालू ठेवायचं का?"

"काय दुसरं?" मुलीने विचारलं.

"काही नाही," तपासनीस म्हणाले. "बंद करा ते, बाई. पुसूनच टाका."

खिशातली काड्यापेटी काढून त्यांनी वायरिंगवालीच्या हातावर ठेवली. तिने स्क्रू मोजायला पेटी उघडली, पण ते बघायला थांबले नाहीत. ते गाडीच्या पुढे गेले, कमरेत वाकले आणि डाव्या कोपऱ्यावरचा टवका बोटाने चाचपला. कडा धारदार होती. नंतर पँटच्या खिशात हात घालून त्यांनी दुसरी किल्ली काढली.

"गुरुवारी लागेल ना तुला?"

मुलीने किल्ली घेतली, पण जुडग्यात अडकवली नाही. नुसती मुठीत धरली. "लागेल."

"जाताना वर ये. चहा घेऊन जा."

"येईन."

बाकावरच्या मांजराने अंग ताणलं, ते उडी मारून खाली आलं आणि फळीला पाठ घासून पलीकडे गेलं. तपासनीस त्याच्याकडे बघत राहिले.

"बेल वाजवत बसू नकोस," ते म्हणाले. "दार उघडंच ठेवतो मी."