भाता थांबतो तिथे

पांडुरंगरावांचं तेरावं काल झालं होतं. आज संध्याकाळी पाचला भजनी मंडळ जैनथ गावातल्या त्यांच्या घरी बसणार होतं, आणि रोजच्या वीजकपातीत करंट दोनला जाणार होता. त्यांच्या मुलीने, विनोदिनीने, घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा.

मंडळाची रीत जुनी. पेटीमास्तर गेला की त्याने स्वतः बांधलेली चाल त्याच्या घरातल्या कुणीतरी सगळ्यांसमोर न चुकता वाजवायची. वाजवली तर पेटी घरात राहते, चुकली तर मंडळाकडे जाते. पांडुरंगरावांची पायपेटी विनोदिनीच्या जन्माआधीपासून या घरात होती. सातव्या वर्षी तिने पहिला सा तिच्यावरच धरला होता. पण वडिलांची ती चाल त्यांनी शिकवली नव्हती. "कानात मुरली का हातात येते," एवढंच म्हणायचे. शेवटच्या कडव्याआधी एका जागी सूर असा काही बसायचा की तिची बोटं तिथे येऊन भांबावत.

आता उरली होती त्यांनी गायलेल्या-वाजवलेल्या त्या चालीची एक कॅसेट. आदिलाबादच्या ज्या क्लासात ती कॉम्प्युटर शिकवायची, तिथला एक संच तिने रविवारपुरता मागून आणला होता; मॉनिटर गोधडीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर धरून. कॅसेट तिने कॉम्प्युटरात उतरवून घेतली. हैदराबादच्या व्यंकटेशदादाने फ्लॉपीवर दिलेला प्रोग्राम गाणं निम्म्या वेगाने वाजवायचा आणि सूर मात्र उतरू द्यायचा नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर आणि पेन्सिलीवर अडकलेले, म्हणून तिने शिलाईच्या मशीनचं एक पायडल तार लावून कॉम्प्युटरला जोडलं होतं. एकदा दाबलं की गाणं चालू. पुन्हा दाबलं की बंद, आणि गाणं चार सेकंद मागे.

उजवा पाय पेटीचा भाता मारणार, डावा पाय गाणं थांबवणार. कागदावर हे सोपं होतं.

तिने भाता मारायला सुरुवात केली आणि डावा पायही त्याच तालात हलला. गाणं थांबलं, मागे गेलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं. वडिलांचा आवाज एकाच शब्दावर उचक्या देऊ लागला.

"तुह्या बापाले उचकी लागली का वं?" दारातून नागोराव म्हणाले. मंडळाचे टाळकरी, पांडुरंगरावांचे तीस वर्षांचे सोबती. सतरंज्या टाकायला म्हणून लवकर आले होते.

"पाय ऐकून नाई राह्यला काका."

"आमी बिना तारेचं शिकलो. पेटी काय मशीनवर शिवतेत?"

"नागोभाऊ, तिले करू द्या," आतून आई, आशाबाई, म्हणाली. "चहा ठेवला, घ्या अन् गप बसा."

"गपच हावो वैनी. पण पाच वाजता मले गप बसता येणार नाई. चुकली तर चुकली मनावंच लागते."

ते चेष्टेत बोलत नव्हते. विनोदिनीने भाता सोडला. आधी नुसतं ऐकायचं, मग वाजवायचं. चाल तिने चार-चार सेकंदांच्या तुकड्यांत वहीत उतरवली. एक वाजता ती त्या जागेशी आली.

सा, नी, मग लांबलेला ध. एवढंच. सुरांत दुसरं काहीच नव्हतं. तिने तेच पेटीवर वाजवलं. सूर बरोबर, पण ते नव्हतं. डाव्या पायाने मागे, पुन्हा ऐकलं. मागे, पुन्हा. बाराव्या वेळी तिला गाण्याच्या तळाशी एक आवाज लागला: धप... धप... सकाळपासून तिने तो कॅसेटची खरखर समजून सोडून दिला होता. ती वडिलांच्या पायाची धप होती, भात्यावरची.

तिने सूर लिहिणं थांबवलं आणि धपा मोजल्या. दर दोन मात्रांना एक. 'ध'वर मात्र दोन धपा नव्हत्याच.

पुन्हा मोजल्या. नव्हत्या. तिसऱ्यांदाही नव्हत्या.

वडील तिथे भाता मारायचं थांबवत होते. कोंडलेल्या हवेचा दाब उतरत जायचा आणि सूर आपोआप बसायचा. बोटांत शोधून तो कसा सापडेल?

चौथ्यांदा ताडून पाहायला तिने पायडल दाबलं आणि पडदा काळा झाला. एक चाळीस.

"करंट गेला," नागोराव म्हणाले. "आज लवकर."

तीन वेळा मोजलंय, तिने स्वतःला बजावलं. पण कळणं वेगळं आणि पायाने थांबणं वेगळं. ती वाजवायला बसली. ध आला, पाय चालतच राहिला. पुन्हा तेच. पंधरा वर्षांची सवय. सूर चालू असताना पाय थांबवायचा म्हणजे श्वास थांबवण्यासारखं. तीन वाजले, चार वाजले. दहातून एखाद्या वेळी जमायचं.

साडेचारला तिच्या ध्यानात आलं, 'ध'शी आलं की डावा पाय अजून पायडल शोधतो. करंट जाईपर्यंत त्याने याच जागी गाणं थांबवलं होतं; इथे थांबायची सवय उजव्या पायाला नव्हती, डाव्याला होती.

पाचला सगळे बसले. नागोरावांनी टाळ हातात घेतले आणि पेटीखाली पाहिलं. बंद कॉम्प्युटरची तार गुंडाळून विनोदिनीने पायडल डाव्या पायाखाली ठेवलं होतं.

"आता हे काऊन? करंट तर नाई."

"असू द्या काका."

चाल सुरू झाली. पहिलं कडवं, दुसरं. सा. नी. तिने ध धरला आणि डाव्या पायाने मेलेलं पायडल दाबलं.

उजवा पाय थांबला.

एका धपेची वेळ गेली. दुसरीची गेली. सूर बारीक होत बसत गेला, आता विझतो असं वाटेपर्यंत. दाराआड आईने पदर तोंडाला लावला. मग विनोदिनीने डावा पाय उचलला, भाता भरला आणि शेवटचं कडवं उचललं.

चाल संपली. सगळे नागोरावांकडे पाहत होते. त्यांनी टाळ खाली ठेवले, वाकले, आणि तिच्या पायाखालून सरकलेलं पायडल परत जागेवर लोटलं.

"चुकली नाई. पुन्हा एकदा होऊ दे," ते म्हणाले. "तीस वर्षं ऐकून राह्यलो, पायाकडं कधी पाह्यलंच नाई."